सासऱ्यांच्या दिवाळी अंकांची यादी कुठल्या ॲपमध्ये करू?

"ताई, दादर पूर्वेची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला चालली आहे. दिवाळीनंतर जागा रिकामी करून तीन वर्षं डोंबिवलीत भाड्याने राहायचं आहे. सासऱ्यांनी 1958 पासून जमवलेले साडेपाचशेच्या आसपास दिवाळी अंक माळ्यावर आणि दोन कपाटांत आहेत. शिवाय ग्रामोफोनच्या दीडेकशे तबकड्या, सासूबाईंची तांब्यापितळेची भांडी आणि डबाभर जुनी नाणी. सासरे आता नाहीत. सासूबाई 87 वर्षांच्या आहेत आणि त्यांना सगळं आठवतं. बंगळुरूच्या मुलाने बारकोड स्कॅन करून आपोआप यादी करणारं एक ॲप सुचवलंय, त्याची वर्षाला वर्गणी आहे. मी 1964 चा 'हंस' हातात घेऊन बसले, तर त्यावर स्कॅन करायला काहीच नाही! ह्यांचं म्हणणं, दोनशे पानी रजिस्टर आणा आणि लिहायला बसा. टोरांटोच्या मुलीला नाणी हवी आहेत. मी यंदाच बँकेतून निवृत्त झाले, एक्सेल बऱ्यापैकी येतं. हातात चार महिने आहेत. कोणतं ॲप घेऊ आणि सुरुवात कुठून करू?"
— एक वाचक, दादर

नमस्कार,

ॲप घेऊ नका, निदान आत्ता तरी. गूगल शीट्स वापरा, एक्सेल येणाऱ्या माणसाला ते वेगळं शिकावं लागत नाही. आणि यजमानांना ते दोनशे पानी रजिस्टर जरूर आणून द्या. गंमत नाही करत, त्याचं काम खाली सांगते.

मुलाचा सल्ला वाईट नाही, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटासाठी आहे. बारकोड स्कॅन केल्यावर ॲपला पुस्तकाचं नाव कळतं ते त्या पट्ट्यांमागच्या आयएसबीएन क्रमांकामुळे. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला 1970 साली, आणि मराठी प्रकाशकांच्या अंगवळणी पडायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. भारतातल्या पुस्तकांचा क्रमांक 81 किंवा 93 ने सुरू होतो, 2007 पासून त्याच्या आधी 978 लागतं. पण दिवाळी अंक हे नियतकालिक. त्याला आयएसबीएन नसतोच, असलाच तर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांना मिळणारा तसाच क्रमांक, आणि तो त्या मासिकाचा असतो, त्या वर्षीच्या अंकाचा नव्हे. म्हणजे तुमच्या 1964 च्या 'हंस'वर काही सापडलं नाही यात तुमच्या फोनचा दोष नाही. मराठी पुस्तकांवर क्रमांक असला तरी परदेशी ॲपच्या साठ्यात त्यांची माहिती पुष्कळदा नसते, आणि असली तर रोमन लिपीत, कुणी कसंही स्पेलिंग केलेली. घरात इंग्रजी पेपरबॅक भरपूर असते तर मीच तुम्हाला 'लायब्ररीथिंग' सुचवलं असतं. ते 2005 पासून चालू आहे, मोफत आहे आणि पुस्तकवेड्यांनी चालवलेलं आहे. तुमच्या माळ्यावर मात्र 'हंस', 'मौज', 'सत्यकथा' आणि 'आवाज' असणार.

आता चार महिन्यांचं. साडेपाचशे अंकांची बैजवार नोंद या काळात, सामानाची आवराआवर आणि बिल्डरच्या ऑफिसात खेपा चालू असताना, होणार नाही. आणि ती आत्ता व्हायची गरजही नाही. दिवाळीपर्यंत प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येकीचा फोटो आणि ती कुठल्या खोक्यात गेली त्याची नोंद, एवढं झालं तरी पुष्कळ. टंकलेखन डोंबिवलीत बसून करा, तिथे तीन वर्षं आहेत.

त्याच्याही आधी एक काम आहे आणि ते या आठवड्यात सुरू करा. 'मौज'च्या अमुक वर्षाच्या अंकात काय छापलंय हे दहा वर्षांनीही कुठल्या तरी ग्रंथालयात सापडेल. तबकडीवरचं नाव तबकडीवरच आहे. पण ती अमुक तबकडी सासऱ्यांनी पहिल्या पगारातून घेतली की कुणाच्या लग्नात मिळाली, 1971 चा अंक दोनदा का आहे, कुठल्या अंकावर कोणाची सही आहे आणि ती कशी मिळाली, हे एका माणसाच्या डोक्यात आहे आणि ते माणूस 87 वर्षांचं आहे. सासूबाईंना यादी करायला बसवू नका, कंटाळतील. दुपारच्या चहानंतर एकेक कप्पा त्यांच्यासमोर आणा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि बोलू द्या. फक्त वस्तू हातात घेतली की तिचा क्रमांक मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर ऐकताना "हे कशाबद्दल चाललंय" हा प्रश्न पडत नाही. यादीतला हा एकच भाग असा आहे जो उशिरा करून चालत नाही.

क्रमांकाबद्दल मी जरा हट्टी आहे, कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलंय. ग्रंथालयात पुस्तक आलं की सगळ्यात आधी ते दाखल नोंदवहीत चढतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. विषय, लेखक, कपाट हे सगळं मागाहून. हा क्रमांक मुका असावा. त्यात वर्ष, कपाट, मासिकाचं नाव काही कोंबू नका, कारण कपाट बदलतं आणि वर्ष कधीकधी चुकीचं निघतं. दि-0001 पासून दिवाळी अंक, त-0001 पासून तबकड्या, भां आणि ना तसेच. माळ्यावरून ज्या क्रमाने खाली येतील त्या क्रमाने. एखादा अंक रद्दीत गेला किंवा कुणाला दिला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. यजमानांचं रजिस्टर म्हणजे हीच दाखल नोंदवही: क्रमांक, नाव, वर्ष, तारीख, एका ओळीत एक वस्तू, खाडाखोड नाही. संगणकावर चुकून एक रकाना वरखाली झाला की सगळ्या नोंदी सरकतात, तेव्हा ते रजिस्टरच खरं काय ते सांगतं. त्यांना या कामाचे मालक करा, तुमचा अर्धा वाद तिथेच मिटेल.

अंकावर क्रमांक लिहायचा तो मऊ शिसपेन्सिलने, 2बी असेल तर उत्तम, शेवटच्या पानाच्या आत वरच्या कोपऱ्यात. स्टिकर नको, सेलोटेप तर मुळीच नको. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि पान घेऊनच सुटतो.

शीटमध्ये रकाने थोडे ठेवा: क्रमांक, प्रकार, नाव, वर्ष, खोकं, स्थिती, फोटो आणि शेवटी 'आठवण', ज्यात सासूबाईंचं बोलणं दोन ओळींत उतरेल. नवशिके लोक पहिल्याच दिवशी पंचवीस रकाने आखतात आणि चौथ्या दिवशी सोडून देतात. एक रकाना मात्र जास्तीचा घाला, 'कुणाकडे'. दिवाळी अंक वाचायला नेणारे सज्जनच असतात, पण अंक परत येत नाही. 'स्थिती'त 'आवाज'कडे नीट बघा. मधुकर पाटकरांनी 1951 साली सुरू केलेल्या या अंकाची खिडकीचित्रं, म्हणजे कागदाची झडप उघडली की आत दुसरं चित्र दिसतं ती, प्रसिद्ध, आणि घरात मुलं असतील तर नेमक्या त्या खिडक्या फाटलेल्या असतात.

प्रत्येक अंकाचे दोन फोटो: मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका. हा दुसरा फोटो तुमचा खरा खजिना आहे. खोकं तीन वर्षं चिकटपट्टीत बंद राहिलं तरी आतल्या अंकात कोण कोण आहे हे तुमच्या फोनवर राहील. डोंबिवलीत निवांतपणे दुसरी शीट उघडा आणि त्यात अंकाचा क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकार, पान असं भरत जा. गूगल लेन्स छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचतं, अनुक्रमणिकेवरून मजकूर उचलून तपासायचा, सगळं हाताने टाइप करायला नको. सुलेखनातली शीर्षकं त्याला जमत नाहीत, ती तुम्ही घाला. सगळे अंक करायचा हट्ट धरू नका, सासऱ्यांचे आवडते लेखक आधी घ्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतलं कितीतरी चांगलं लेखन आधी या अंकांत आलं आणि त्यातलं बरंच नंतर पुस्तकात गेलंच नाही. म्हणून ही दुसरी शीट घरापुरती राहणार नाही, अभ्यासकही ती मागतील.

मराठीत यादी करताना काही खड्डे आहेत. ते ॲप विकणारे सांगत नाहीत, कारण त्यांना ते माहीतच नसतात. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर ते एकच अक्षर म्हणून येतं, दुसऱ्यावर 'अ' आणि वरचा चंद्र वेगवेगळे येऊन जुळतात. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर सापडत नाही. 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतल्या 'ऱ्य'चंही तेच. उपाय साधा आहे: घरातल्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, आणि अधूनमधून 'शोधा आणि बदला' चालवून सगळं एका साच्यात आणायचं. वर्षाच्या रकान्यात १९६४ असं देवनागरीत लिहिलंत तर शीट त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि वर्षांचं गणित जमत नाही. 1964 असे इंग्रजी आकडे घाला, इथे भाषाभिमान आड येऊ देऊ नका.

आणि नावं. पु. ल. देशपांडे, पु.ल.देशपांडे, देशपांडे पु. ल. हे शीटच्या लेखी तीन गृहस्थ आहेत. एक पद्धत ठरवा, आडनाव आधी, आणि वेगळ्या पानावर लेखकांची पक्की यादी करून त्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे प्रत्येक वेळी टाइप न करता निवडायचं. बंगळुरूच्या मुलाला हे अर्ध्या तासात जमेल, त्याला हेच काम द्या. टोपणनावांचं काय? कविता कुसुमाग्रजांची आणि नाटक वि. वा. शिरवाडकरांचं, माणूस एकच. अंकात जे छापलंय तेच लेखकाच्या रकान्यात राहू द्या, शेजारी 'मूळ नाव' असा एक रकाना घाला.

तबकड्यांवर फार वेळ घालवू नका, पण त्यांना दोन क्रमांक असतात हे लक्षात ठेवा. एक लेबलवर छापलेला, कंपनीच्या विक्रीयादीतला. दुसरा लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात उमटवलेला, मॅट्रिक्स क्रमांक, जो त्या बाजूच्या मुद्रणाचा असतो. एकच गाणं पुन्हा छापलं गेलं की पहिला बदलू शकतो, म्हणून दोन्ही टिपा. तिरका उजेड पाडून दोन्ही लेबलांचे फोटो काढले की झालं. एलपी असतील तर 'डिस्कॉग्ज' या तबकड्यांच्या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच सापडतील. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या, पडल्या की फुटल्या. त्या उभ्याच ठेवायच्या, एकीवर एक आडव्या रचायच्या नाहीत. पॅकर्सच्या माणसांच्या हातात त्या देऊ नका, टॅक्सीने स्वतः न्या.

भांड्यांना पोलादी तारेने नव्हे, सुती दोऱ्याने पुठ्ठ्याचा टॅग बांधा. त्यांच्या नोंदीसाठी संग्रहालयांचं 'ऑब्जेक्ट आयडी' नावाचं एक छोटं मानक आहे, 1997 साली आलेलं, चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून केलेलं: फोटो, धातू, मापं, वजन, कोरलेला मजकूर, खुणा. आपल्याकडे कोरलेला मजकूर म्हणजे भांड्यावर घातलेलं नाव. ते जसं आहे तसं उतरवा, अशुद्ध असलं तर अशुद्धच, आणि मग सासूबाईंना विचारा की ही "चि. सौ. कां. कुसुम" कोण. एखाद्या पोचे पडलेल्या तपेल्याची गोष्ट चांदीच्या पेल्यापेक्षा मोठी निघते.

नाण्यांचं थोडं जपून. मुलीला टोरांटोला पाठवण्याआधी एकेका नाण्यावरचं साल वाचून यादीत घाला. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत, भेट म्हणूनही नाही. पंचम जॉर्जची नाणी 1911 ते 1936 या सालांची सापडतात, म्हणजे एकाच राजाची काही नाणी मर्यादेच्या अलीकडे आणि काही पलीकडे. राणीच्या छापाची तर सगळीच पलीकडे. ती इथेच ठेवा, मुलीला फोटो पाठवा. आणि काहीही झालं तरी नाणी पितांबरीने घासू नका, जाणकाराच्या नजरेत घासलेल्या नाण्याची किंमत तिथेच उतरते.

खोकी भरण्याबद्दल. कागद फार जड असतो, मोठं खोकं अंकांनी भरलंत तर उचलणारा शिव्या देईल आणि तळ फाटेल, तेव्हा लहान खोकी घ्या. क्रमांक झाकणावर न घालता दोन बाजूंवर घाला, कारण खोकी एकावर एक रचली की झाकणं दिसत नाहीत. श्रावणभाद्रपदातल्या दमट हवेत अंक प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, बुरशी आणि कसर दोघांनाही तेच हवं असतं. आत्ता क्रमांक आणि फोटो उरका, भरणं ऑक्टोबर हीटवर सोडा. मुंबईकर त्या उन्हाला नावं ठेवतो, पण कागदाला ते मानवतं. डोंबिवलीत खोकी थेट फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतली पुस्तकं गेली हे दादरच्या माणसाला सांगायला नको.

दुबार अंक निघतील. ते नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला किंवा आणखी कुठे द्यावेसे वाटले तर खोकं घेऊन दारात उभ्या राहू नका. आधी यादी पाठवा, त्यांना काय हवंय ते विचारा. यादीसकट आलेल्या देणगीकडे ग्रंथपाल वेगळ्या नजरेने बघतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगते आहे.

जागेचा हिशोब सोपा आहे. अकराशे फोटो, प्रत्येकी तीन एमबी धरले तर साडेतीन जीबीच्या आत, आणि गूगलची मोफत जागा 15 जीबी आहे, अर्थात तुमच्या मेल आणि इतर फोटोंसकट. मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून साठवू नका, तिथे ते बारीक होतात आणि अनुक्रमणिकेतली अक्षरं विरघळतात. महिन्याला एकदा सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती बंगळुरूला ठेवा. नाणी आणि चांदीची शीट वेगळी करा आणि तिची लिंक 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी ठेवू नका. घराचा विमा असेल तर ही शीट एजंटला दाखवा. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा'मध्ये घरातलं सामान येतं, पण मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं कवच मागून घ्यावं लागतं. आणि त्यासाठी वस्तूंची यादी लागतेच.

तीन वर्षांनी नव्या घरात कपाटं लागली, शीट भरली आणि तरी तुम्हाला खास सॉफ्टवेअर हवंसं वाटलं, तर खुशाल घ्या. फक्त आधी दहा नोंदी भरून बघा आणि त्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठल्याही शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, बाहेर काढता येतात का, त्यांतलं मराठी शाबूत राहतं का ते तपासा. ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर चित्रविचित्र चिन्हं दिसतील, तेव्हा ॲपला दोष देण्याआधी डेटा मेनूतून, यूटीएफ-8 ही अक्षरपद्धत निवडून, ती आत घ्या. बाहेर काढायची सोयच नसेल तर ते कितीही देखणं असो, नको. मॅकवर 'डिलिशस लायब्ररी' नावाचं असंच एक देखणं सॉफ्टवेअर होतं, लाकडी फळ्यांवर पुस्तकं मांडलेलं दाखवायचं. 2004 साली आलं आणि 2024 साली विक्रीतून गेलं, कारण पुस्तकांची माहिती ते ॲमेझॉनकडून ओढायचं आणि तो पुरवठा थांबला. ज्यांनी आपली यादी बाहेर काढून ठेवली होती त्यांची काही अडचण झाली नाही.

मुलाने ते वर्गणीवालं ॲप तुमच्या फोनवर 'सात दिवस मोफत' म्हणून टाकून दिलं असेल, तर आज प्ले स्टोअरमध्ये जाऊन ती वर्गणी रद्द करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जायचे थांबत नाहीत.